बायोफीडबॅकने डोकेदुखी कमी होते का?

तुम्ही विचारलंय की रोज संध्याकाळी डोकं दुखतं, डॉक्टरांनी ‘टेन्शनचं आहे’ म्हणून बायोफीडबॅक सुचवलंय, तर हे नेमकं काय असतं आणि त्यासाठी ताण मोजणारं महागडं स्मार्ट घड्याळ घ्यावं का. घड्याळ नको, निदान डोकेदुखीसाठी तरी नको. बाकीचं सांगतो.

मी चोडणचा. पणजीत एका खासगी ऑफिसात हिशेब बघतो. चार-पाच वर्षं दुपारी तीननंतर डोकं दोरीने आवळल्यासारखं दुखायचं. चष्म्याचा नंबर तपासून झाला, सायनसचा एक्स-रे झाला, आईने दृष्ट काढून झाली. शेवटी बायोफीडबॅकसाठी म्हापशाला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. ईसीजीला लावतात तसल्या चिकटपट्ट्या त्यांनी कपाळावर आणि मानेजवळ खांद्यावर लावल्या आणि वायरी लॅपटॉपला जोडल्या. मला वाटलं, आता शॉक देणार. पण वायरींतून अंगात काही येत नाही. स्नायू आवळला की त्यात बारीकशी वीज तयार होते, ती फक्त मोजतात. मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. स्नायू ताणला की पडद्यावरची रेघ वर जाते आणि आवाज चढतो. सैल सुटला की दोन्ही उतरतात.

बाई म्हणाल्या, ‘‘सैल सोडा.’’ मी जीव तोडून सैल सोडायला लागलो. रेघ वर! जितकी धडपड करावी तितकी वर. दहा मिनिटांनी कंटाळून नाद सोडला आणि खिडकीबाहेर पावसात भिजणारी कुणाची तरी स्कूटर बघत बसलो. आवाज आपसूक उतरला. बाई हसल्या. ‘‘आता काय केलंत ते आठवा.’’ काहीच केलं नव्हतं. वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटले होते, एवढंच लक्षात आलं. म्हणजे दिवसभर मी दात आवळून बसत होतो आणि मला पत्ताच नव्हता.

पुढच्या खेपेला त्यांनी लॅपटॉपसमोर माझं नेहमीचं काम करायला लावलं. आकडे टाइप करताना उजवा खांदा हळूहळू कानाकडे सरकत होता. फोन वाजला तशी रेघेने उडीच मारली. फोन बायकोचा, बिचारी विचारत होती, बांगडे घेऊ की सुंगटं?

आठ-दहा खेपा गेलो. मधल्या दिवसांत घरी सराव. यंत्र तुम्हाला बरं करत नाही, चुगली करतं. ती चुगली पुरेशी ऐकली की यंत्राशिवायही कळायला लागतं, आणि तिथे त्याचं काम संपतं. म्हणून म्हटलं, घड्याळ नको. माझ्या भाच्याकडे आहे. रात्री फेणी झाली की दुसऱ्या दिवशी ते त्याला ‘स्ट्रेस’ जास्त दाखवतं. दारूने झोपेतले ठोके वाढतात, त्यामुळे घड्याळ खोटं बोलत नाही, पण खांदा कुठे चढलाय हे त्याला कुठून कळणार?

बोटांच्या तापमानाचाही एक प्रकार असतो, मायग्रेनवाल्यांना शिकवतात. ताणाखाली बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटं गार पडतात, ती गरम करायला शिकायचं. घरी करून बघायचं असेल तर तापाचा डिजिटल थर्मामीटर चालत नाही, बहुतेक 32 अंशांखाली नुसतं ‘लो’ दाखवतात. आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच 33 अंशांवर असते, बोटं गरम असण्यात तुमचं कर्तृत्व काय? एसीत बसून करा.

श्वासाचा प्रकार मात्र फुकटात जमतो. मिनिटाला साधारण सहा श्वास घेतले की श्वासाबरोबर ठोक्यांचं कमी-जास्त होणं सर्वात ठळक होतं. माणसागणिक आकडा थोडा बदलतो, यंत्रावर तो नेमका सापडतो. मी चार आकडे आत, सहा आकडे बाहेर असं रायबंदरच्या फेरीबोटीत करतो. शेजारी मासळीची टोपली असेल त्या दिवशी नाही.

मायग्रेन आणि टेन्शनच्या डोकेदुखीत बायोफीडबॅकला संशोधनाचा चांगला आधार आहे. शिंकताना-खोकताना लघवी सुटणं, किंवा शौचाच्या वेळी सैल पडायचा स्नायू उलट आवळल्यामुळे होणारी जुनाट बद्धकोष्ठता, यांतही. घरात हे विषय कुणी काढत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. रक्तदाबात फरक पडला तरी थोडा, गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि शिबिरात हातात धातूची दांडी धरायला देऊन दोन मिनिटांत लिव्हर-किडनीचा रिपोर्ट छापून देणारं ‘क्वांटम’ यंत्र म्हणजे हे नव्हे. मी एकदा पाचशे रुपये घालवलेत.

डोकं अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, किंवा हात-पाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, तर श्वास मोजत बसू नका, थेट इस्पितळ गाठा.

माझं दुखणं गेलं का? मार्चअखेरीला येतंच. एरवी महिन्यातून एखाद-दुसऱ्यांदा. हे लिहिताना दोनदा दात सुटे केले.