वाचकांचे प्रश्न : आकार सोपे झाले, पण माझे कधी होणार?

प्रश्न : मी मुंबईतील एका महाविद्यालयात उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि डोंबिवलीहून रोज लोकलने ये-जा करते. माणसे, वस्तू आणि इमारती वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा सोप्या आकारांत मांडायला मला आवडते. मात्र गेल्या ज्युरीत परीक्षकांनी काम स्वच्छ असल्याचे सांगून ‘हे कोणाचेही असू शकेल’ असा शेरा दिला. माझी स्वतःची शैली कशी घडेल? आणि पोर्टफोलिओत, म्हणजे नोकरीसाठी दाखवायच्या निवडक कामांच्या संचात, एकाच शैलीचे काम ठेवावे का?
— एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : परीक्षकांचा शेरा मनाला लागला असेल, पण तो मोलाचा आहे, कारण काम नेमके कुठे अडले आहे हे त्यातून कळते. वर्तुळ आणि चौकोन सगळ्यांचेच असतात. समोरच्या वस्तूतले काय ठेवायचे आणि काय गाळायचे हा निर्णय मात्र ज्याचा त्याचा असतो, आणि शैली अशा निर्णयांतूनच घडत जाते. वस्तू पुरती न्याहाळण्याआधीच आकार हाती घेतला, तर सगळ्यांची चित्रे सारखी दिसू लागतात, कारण प्रत्येकाच्या पडद्यावरचे वर्तुळ तेच असते.

वारली चित्रांकडे या दृष्टीने पुन्हा पाहा. त्यांत माणसाचे धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. एवढ्या सामग्रीवर जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतली माणसे शेतात राबतात, जाळे टाकतात, तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणाऱ्याभोवती फेर धरतात. वरचा त्रिकोण किती कलला आहे आणि पाय गुडघ्यात कुठे मोडला आहे, यावरून माणूस ओझे वाहतो आहे की नाचतो आहे हे ओळखू येते. ती आकृती उचलून स्वतःच्या पोस्टरवर लावू नका, ती एका समाजाची चित्रभाषा आहे. आकार मोजके ठेवून कोन बोलका कसा करावा, हे मात्र तिच्याकडून जरूर शिका. शेखर कामत यांनी १९७१ साली केलेले स्टेट बँकेचे बोधचिन्हही असेच आहे : निळे वर्तुळ, मध्यभागी लहान वर्तुळ आणि तिथून खाली कडेपर्यंत गेलेली चीर. कंपास आणि पट्टीने ते कोणालाही काढता येईल. पण चीर किती रुंद हवी आणि ती कुठे थांबावी, हे ठरवण्यातच त्याचे सारे कसब आहे.

आता एक अभ्यास सुचवतो. दादर परिसरातील पादचारी सिग्नलांवर महापालिकेने २०२० साली स्त्रीची आकृती आणली. नेहमीच्या पुरुषाकृतीहून तिचे वेगळेपण मुख्यतः झग्याच्या घेरात आहे. उपक्रम मला मनापासून आवडला, तरीही त्याच चौकात सिग्नलपाशी उभ्या असलेल्या बायका पाहिल्या, तर त्या घेरात त्यांपैकी फार थोड्या मावतात. कोणाच्या खांद्यावर पर्सचा पट्टा तिरपा गेलेला असतो, कोणी निऱ्या एका हाताने उचलून पाऊल टाकते, कोणाची ओढणी वाऱ्याने मागे गेलेली असते. यांपैकी एकीला पाचच आकारांत उभे करा. आधी प्रत्यक्ष पाहून पेन्सिलीने काढा, फोटोवरून नको. मग एकेक तपशील कमी करत जा आणि ज्या तपशिलाबरोबर ती बाईच हरवते, तो परत ठेवा. माझ्या मते अभ्यासाचा सगळा अर्क या शेवटच्या टप्प्यात आहे, म्हणून तिथे घाई करू नका.

लोकलमध्येही असेच लहान स्केच करत राहा : कडीला धरलेला हात, मांडीवरची पिशवी, डुलकीने एका बाजूला झुकलेली मान. महिन्याभराने स्केचबुक चाळलेत, तर तुमच्याही नकळत काही गोष्टी वारंवार आलेल्या दिसतील; कदाचित खांदे नेहमी रुंद आणि डोके लहान, कदाचित पावले कायम जड. त्यांतली एखादी निवडून तिचा नियम करा. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी जर्मन डिझायनर ओट्ल आयशर यांनी केलेल्या खेळांच्या चिन्हांत हात-पाय आडवे, उभे किंवा ४५ अंशांत तिरपे, एवढेच ठेवलेले आहेत, आणि त्या शिस्तीमुळे कुस्तीपासून पोहण्यापर्यंतची चिन्हे एकाच घरातली वाटतात. तुमचे कोन, कोपऱ्यांची गोलाई आणि रेषेची जाडी यांबाबत तशीच शिस्त स्वतः ठरवा.

एक तांत्रिक गोष्टही लक्षात असू द्या. वर्तुळ आणि चौकोन एकाच उंचीचे काढले तर वर्तुळ लहान दिसते, म्हणून ते किंचित मोठे करावे लागते. आडव्या पडलेल्या त्रिकोणाचेही तसेच, चौकटीच्या मापाने तो वर्तुळात मधोमध ठेवला तरी एका बाजूला सरकल्यासारखा वाटतो. अशा ठिकाणी आकार मापाने आपोआप मध्यावर आणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अलाइन आज्ञेपेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवा.

पोर्टफोलिओबद्दल थोडक्यात : या शैलीतली एक सलग मालिका ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. नोकरी देणाऱ्याला अक्षरांकन, मांडणी, पॅकेजिंग यांतलीही तुमची समज पाहायची असते. मालिकेतील निदान एका चित्रासोबत त्याची कच्ची रेखाटने क्रमाने लावा, म्हणजे कोणता तपशील कुठे गळला आणि कोणता का परत आला, हे पाहणाऱ्याला तुम्ही न सांगताच दिसेल.