मोसंबीला शेणखत टाकूनही पानं पिवळी का पडली?

भाऊ, तुम्ही विचारलंय की अंबडकडच्या तुमच्या मोसंबीला उकिरड्यातलं खत भरपूर टाकलं, तरी पानं पिवळी पडली. तर आता पिंपात आंबवलेलं बोकाशी खत वापरावं का?

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, खत कमी नाही, कच्चं पडलं. आपल्या उकिरड्यात सोयाबीनचं भुसकट फार. त्यात कर्ब जास्त, नत्र कमी. ते अर्धवट कुजलेलं मातीत गेलं की कुजवणारे जिवाणू त्यांना लागणारं नत्र मातीतूनच उचलतात आणि झाड उपाशी राहतं. शिवाय कच्च्या शेणातून हुमणी येते, म्हणजे मुळं खाणारी अळी. मी एका वर्षी बाहेरून आणलेलं कच्चं शेण घाईघाईत हळदीत पसरवलं. पावसाळ्यात पिवळा पडलेला एक कंद उपटला, तर मुळं कुरतडलेली आणि मातीत बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या. तेव्हापासून माझ्या रानात कच्चं शेण जात नाही.

आता बोकाशी. ही जपानी पद्धत. ओकिनावाच्या तेरुओ हिगा यांच्या जिवाणू मिश्रणामुळे ती जगभर गेली. कोंडा, गूळ आणि जिवाणू घालून ओला कचरा हवाबंद ठेवायचा. दोन आठवड्यांनी झाकण उघडलं की आंबट वास येतो, पण वांग्याची देठं तशीच्या तशी दिसतात. म्हणजे लोणचं मुरलंय, खत झालेलं नाही. ते मातीत पुरून आणखी दोन-तीन आठवडे जाऊ द्यावे लागतात. ताजं मुळाला लागलं तर आम्लामुळे मूळ पोळतं. परसातल्या भाजीला उत्तम, पण अख्ख्या बागेला पुरेल एवढं पिंपात कुठून काढणार?

तुम्ही ढीगच लावा. कडुलिंबाच्या सावलीत, कमरेएवढा उंच. भुसकट, शेण, हिरवा पाला असे थर. आपल्याकडे खरी अडचण पाण्याची. एप्रिलच्या उन्हात ढीग वरून वाळतो आणि कुजणं थांबतं, म्हणून ओलं बारदान झाकून ठेवा. मूठभर माल घट्ट पिळला की बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसावेत, धार लागू नये. चार-पाच दिवसांनी लोखंडी सळई मधोमध खुपसा, थोड्या वेळाने काढा. हाताला धरवत नसेल तर काम नीट चाललंय. आत 55 ते 60 अंश तापलं की तणाचं बी बरंचसं मरतं. पंधरा-वीस दिवसांनी ढीग पालटा, कडेचा माल आत. नाकात झोंबणारा वास आला तर नत्र उडून चाललंय, भुसकट वाढवा. सडक्या अंड्यासारखा आला तर हवा कमी पडतेय, लगेच पालटा.

ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स हे उपयोगी बुरशी-जिवाणूंचं मिश्रण ढीग थंड झाल्यावरच मिसळा. तापलेल्या ढिगात ते मरून जातं.

पालटूनही ढीग तापेना, मातीसारखा वास येऊ लागला, की एका कुंडीत ते खत भरून मेथी पेरा. ती चांगली उगवली तर खत बागेत न्या. मोठ्या झाडाला 40-50 किलो, आंब्या बहारासाठी बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू करताना, म्हणजे ताण तोडताना, फांद्यांच्या घेराखाली पसरून मातीत मिसळा. बुंध्याला अजिबात टेकवू नका, आपल्या काळ्या जमिनीत ओल धरून राहते आणि डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग, लागतो.

झाडं किती वर्षांची आहेत, आणि पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की कोवळ्या, तेवढं कळवा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह-जस्ताची कमतरता असू शकते. त्याला नुसतं खत पुरणार नाही.