हरण्याला कोर्टाचा निकाल कळत नाही

विटा, रविवार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं बाड दोनदा वाचलं. एकदा कादंबरी म्हणून आणि एकदा नुसतं हरण्या बैलाच्या मागं मागं फिरत. माणसं जमलीत तुला. तात्याचा हट्ट, सुनेची धुसफूस, सोसायटीचं थकलेलं कर्ज, सगळं खानापूर-आटपाडीकडचं वाटतं. हरण्या मात्र अजून बैल झालेला नाही. तात्याची अडचण त्याला कळते, सुनेचा स्वभाव कळतो, आणि बाराव्या प्रकरणात तर तो स्वतःच्या आयुष्यावर कीर्तनच करतो. खिल्लाराचं कातडं पांघरून बसलेला एखादा रिटायर मास्तर वाटतो तो. (मीही रिटायर मास्तरीणच, म्हणून लगेच ओळखला.)

बारीक चुका आधी सांगते. एके ठिकाणी तो रागानं वरचे दात विचकतो. अरे, बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथं नुसती टणक हिरडी असते. म्हणून तर तो गवताला जिभेचा वेढा घालून ओढतो. दुसऱ्या एका ठिकाणी तो आधी पुढचे पाय रोवून उठतो. ही चूक मी स्वतः केलेली आहे. माझी पहिली बैलाची गोष्ट दिवाळी अंकात आली, तेव्हा गल्लीतले एक म्हातारे मुद्दाम घरी आले, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "बाई, गोष्ट झ्याक हाय, पर तुमचा बैल घोड्यागत उठतुया." गुरं मागचं अंग आधी उचलतात, पुढचं नंतर. घोड्याचं उलटं. गोठ्यात शेणघाण काढत वाढलेली मी, रोज डोळ्यांसमोर असून माझं तिकडं लक्षच गेलं नव्हतं.

आता हिशेबाचं बोलू. २०१४ साली हरण्या चार दाती आहे असं तू लिहिलंस, म्हणजे तीन वर्षांच्या आसपासचा. त्याच वर्षी मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं बैलगाडी शर्यती बंद केल्या. परवानगी परत मिळाली डिसेंबर २०२१ मध्ये, आणि घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारे राज्यांचे कायदे कायम ठेवले ते मे २०२३ ला. आणि तुझा हरण्या २०२२ च्या उन्हाळ्यात फायनल मारतो! दहा-अकरा वर्षांचा बैल तरण्या खोंडांना मागं टाकतो हे इथला एकही वाचक गिळणार नाही. मधल्या काळात तो काय करत होता, यावर तू अवघी दोन पानं खर्चलीस.

मला विचारशील तर तुझी कादंबरी त्या दोन पानांतच आहे.

तात्याला बंदी कळते. तो पेपर वाचतो, चावडीवर शिव्या घालतो, तारखा मोजतो. हरण्याला यातलं काय कळतं? पहाटे अंधारात सोडायचे, ते सोडणं थांबलं. अंगावरून फिरणारा खरारा आधी रोज होता, मग आठवड्यानं, मग बेंदराच्या सणाला. खुराकातली अंडी गेली, कडबा राहिला. आणि टेम्पोचा फाळका खाडकन पडायचा, की पुढं माणसांचा गलका, गुलाल, मोकळं रान आणि पळणं असायचं, तो आवाजही बंद झाला. हरण्याचं जग एवढंच. त्याच्याकडं "का" नाही. तो तू त्याला देऊ नकोस, वाचकाकडं तो आहेच.

मग त्याच्या मनातलं दाखवायचं कसं, असं तू विचारशील. त्याच्या रवंथावरून दाखव. जनावर निवांत असलं की रवंथ करतं, आणि दचकलं, बुजलं की जबडा थांबतो. रस्त्यावर कुणाच्या तरी टेम्पोचा फाळका वाजतो, हरण्याचा जबडा थांबतो, कान तिकडं वळतात. थोड्या वेळानं पुन्हा जबडा हलायला लागतो. हे पहिल्या वर्षी दाखव, चौथ्या वर्षी दाखव. सातव्या वर्षी फाळका वाजतो आणि जबडा थांबतो की नाही, ते तू ठरव. मी सांगणार नाही.

अश्रूंचं प्रकरण राहिलं. निवेदकाच्या तोंडून "हरण्याच्या डोळ्यांतून आसवं ओघळली" हे काढून टाक. बैलाचे डोळे माशांनी, धुळीनंही वाहतात. पण आपल्याकडं जित्राब रडतं असं लोक मानतात, आणि ते मानणं खोडायचा आपल्याला काही अधिकार नाही. ते वाक्य सुनेला दे. इतके दिवस कडबा महाग झाला म्हणून कुरकुरणारी ती बाई "हरण्या रडतुया" म्हणाली, की त्यात तीच दिसेल. भोवऱ्यांचंही तसंच. खरसुंडीच्या बाजारात व्यापारी अंगावरचे केसांचे भोवरे बघून खोड सांगतात. गंमत म्हणजे, कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असलेली गुरं जखडल्यावर जास्त बिथरतात, असं १९९५ च्या एका अभ्यासातही दिसलं होतं. तात्याला हे माहीत असायची गरज नाही, त्याला व्यापाऱ्याचं बोलणं पुरे.

शेवट बदलावा लागेल. जिंकणं जाऊ दे. हरण्या विकला जातो, असं मला दिसतं. कुणाला विकला जातो हा प्रश्न सोपा नाही, मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक कुठून आणायचं ते तात्यालाच शोधू दे. पण गाडी दारात येते, फाळका पडतो, आणि ओढायला चार माणसं तयार असताना हरण्या आपला आपण वर चढतो. त्याच्या लेखी फाळका म्हणजे शर्यत. एवढंच लिही, पुढं एक शब्द नको.

लिहायला लगेच बसू नकोस. आठवडाभर पहाटे चारला कुणाच्या तरी गोठ्यात जाऊन बस, फोन घरी ठेवून. आणि चढायच्या त्या प्रसंगात तात्या कुठं उभा आहे, ते आधी पक्कं कर. बैलाला दोन्ही बाजूंचं पार मागपर्यंत दिसतं, फक्त नेमकं पाठीमागचं दिसत नाही.

तुझ्या,
बाई