अतिदाब आणि अतिउष्णतेत तेलविहीर सुरक्षितपणे कशी खोदतात?
सुमारे 10,000 पीएसआयहून (पौंड प्रति चौरस इंच) अधिक दाब आणि 150 अंश सेल्सिअसहून अधिक तापमान असलेल्या विहिरीत पहिले संरक्षण म्हणजे बराइट हे जड खनिज घालून वजनदार केलेला ड्रिलिंग मड, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवला जाणारा चिखलासारखा द्रव. तो हलका पडला तर खडकातील वायू आत शिरतो आणि फार जड झाला तर खडकच फुटून मड भेगांत निघून जातो. माझ्या मते उपकरणांहूनही अधिक महत्त्व निरीक्षणाला आहे: पंप बंद केल्यावरही मड वर येत राहिला, तर वायू आत शिरत असण्याची शक्यता असते; म्हणून मड उष्णतेने फुगला असेल असे मानून वाट न पाहता ब्लोआउट प्रिव्हेंटरने (विहिरीच्या तोंडावरील झडपसंचाने) विहीर तत्काळ बंद करावी. 20 एप्रिल 2010 रोजी डीपवॉटर होरायझन या समुद्रातील तेलखोदाई मंचावर दाबचाचणीचा चुकीचा अर्थ लावला गेला आणि नंतरच्या स्फोटात 11 कामगारांनी प्राण गमावले.