अ‍ॅडव्हेंटची जुनी जोडी भंगारात देऊ नका, आधी फोम बघा

न्यू जर्सीत गराज सेलमध्ये अ‍ॅडव्हेंटच्या मोठ्या स्पीकरची जोडी मिळाली, पण आवाज फरफरतो आणि दुकानदार म्हणतो टाकून द्या, असं तुम्ही लिहिलंय. अजिबात टाकू नका. बहुतेक वूफरच्या, म्हणजे बास वाजवणाऱ्या मोठ्या भागाच्या, कडेचा फोम कुजलाय, बाकी माल ठणठणीत असणार.

हे स्पीकर हेन्री क्लॉसचे. या माणसाने 1954 मध्ये एडगर व्हिल्चरसोबत अकूस्टिक रिसर्च ही स्पीकर कंपनी काढली, मग केएलएच (त्यातला के म्हणजे क्लॉस), आणि 1967 मध्ये अ‍ॅडव्हेंट. डोक्यात मोठ्या पडद्याचा टीव्ही होता. 1969 च्या सुमारास आलेल्या या स्पीकरने त्यासाठी पैसा उभा केला. महागड्या स्पीकरइतका खोल बास साधारण निम्म्या किमतीत द्यायचा, एवढाच हेतू. तो साधला, म्हणून ते अमेरिकेत धो धो खपले. आज भाव पडलेला आहे तो त्याचमुळे: घरोघरी आहेत, दिसायला साधे आहेत, संग्राहकांना मिरवता येत नाहीत. आवाजाचा त्यात काही दोष नाही.

आता फोमकडे या. हा बंद डब्याचा स्पीकर आहे. आत कोंडलेली हवाच कोनला (वूफरच्या पुढे-मागे हलणाऱ्या कागदी शंकूला) परत ढकलते, म्हणून कोनची कड मुद्दाम मऊ ठेवलेली असते. ती फाटली की हवा निसटते, कोनला हलवणारी तारेची कॉइल वाकडी चालते आणि फरफर सुरू होते. जाळी काढून कडेला बोट लावा. चिकट काळा भुगा हाताला आला तर निदान झालं. नवा फोम घरी बसवता येतो. मात्र फोम बदलण्याचं किट मागवताना एक गोष्ट नीट बघा. जुन्या वूफरची बाहेरची चौकट बारा इंची दिसते, पण तिच्यात मेसोनाइटची (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या पुठ्ठ्याची) रिंग असेल तर आतला वूफर दहा इंची असतो. नंतरच्या वूफरला सगळी चौकट धातूची आहे. दोन्हींचे किट वेगळे, त्यामुळे मागवण्याआधी फोटो पाठवून विचारा. जुना फोम आणि डिंक सावकाश खरवडा, घाई केलीत तर कागदी कोन फाटेल. नवा चिकटवताना कोन अगदी मध्यावर आहे ना, हे हलकेच आत-बाहेर ढकलून ऐका. घासल्याचा आवाज येता कामा नये. सुकल्यावर कोन हळूच आत दाबून सोडा. तो रमतगमत परत आला तर डबा हवाबंद आहे असं समजा.

आतल्या सर्किटमधले कपॅसिटर बदला असा सल्ला लोक लगेच देतील. आधी ऐका. दोन्ही ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचे छोटे भाग, सारखे वाजत असतील तर सध्या पैसे वाचवा. मागे तीन पायऱ्यांचा खटका आहे, त्याने वरच्या पट्टीचा आवाज कमी-जास्त होतो. जुना असल्याने कधीकधी तो गंजून ट्वीटर मुका होतो. चार-सहा वेळा फिरवून पाहा, अनेकदा तेवढ्यानेच भागतं.

ट्वीटर फार चकचकीत नाही, आधुनिक स्पीकरच्या सवयीने पहिल्यांदा थोडं झाकल्यासारखं वाटेल. पण ख्यालाची रेकॉर्ड लावा आणि तबल्याच्या डग्ग्याकडे कान द्या. घिस्सा मारताना, म्हणजे मनगट घासत नेताना, स्वर कसा वर चढतो ते इथे स्पष्ट ऐकू येतं. छोट्या ब्लूटूथ डब्यांत त्याची नुसती धप होते.

अ‍ॅम्प्लिफायर जरा दमदार हवा, हे स्पीकर वॉट खातात. आणि जमिनीवर ठेवू नका. फूटभर उंच स्टँड करून भिंतीपासून थोडे पुढे घ्या, नाहीतर बास घुमेल. किट मागवण्याआधी वूफरचा समोरून आणि मागून असे दोन फोटो टाका, रिंग कोणती ते सांगतो.