व्हर्जिनियातली लाउडन काउंटी नक्की कोणत्या पक्षाची?

तुमची बदली ॲशबर्नला होतेय आणि तुम्ही विचारलंय की वॉशिंग्टनजवळची ही लाउडन काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) डेमोक्रॅटिक आहे की रिपब्लिकन, कारण दोघांनी तुम्हाला दोन उलट गोष्टी सांगितल्या. दोघंही खरंच बोललेत, फक्त वेगवेगळ्या काळाबद्दल. मी इथे बरीच वर्षं राहते. नागरिक झाल्यापासून एकही निवडणूक चुकवलेली नाही, आणि दोनदा मतदान केंद्रावर दिवसभर कामही केलंय. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

1968 पासून 2004 पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत लाउडनने रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला. 2008 मध्ये ओबामा जिंकले आणि तेव्हापासून इथे रिपब्लिकन उमेदवार अध्यक्षपदासाठी पुढे गेलेला नाही. लोकांनी मतं बदलली म्हणून हे झालं असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. मतदारच बदलले. 1990 साली इथली लोकसंख्या 86 हजारांच्या आसपास होती, 2020 च्या जनगणनेत ती 4 लाख 20 हजारांवर गेली. जिथे दुभत्या गाईंचे गोठे होते तिथे डलेस विमानतळाच्या आधाराने आधी एओएलसारख्या इंटरनेट कंपन्या आल्या, मग डेटा सेंटरं (इंटरनेटचे सर्व्हर ठेवायच्या प्रचंड इमारती), आणि त्यांच्याबरोबर आपल्यासारखी माणसं. आज आशियाई वंशाचे लोक साधारण पाचात एक आहेत. पश्चिमेला पर्सेलव्हिलच्या पुढे गेलात की अजूनही शेतं, घोडे, द्राक्षमळे दिसतात आणि तिथला कल बऱ्यापैकी रिपब्लिकन आहे. पूर्वेला स्टर्लिंग, ॲशबर्न, साउथ रायडिंग इथली दाट वस्ती निकाल ठरवते.

पण म्हणून "पक्की डेमोक्रॅटिक" म्हणू नका. इथे कोण जिंकलं यापेक्षा किती फरकाने जिंकलं हे बघायचं. 2020 मध्ये बायडन सुमारे 25 टक्क्यांच्या फरकाने पुढे होते. एकाच वर्षाने, 2021 च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत, डेमोक्रॅटिक उमेदवाराची आघाडी 11 टक्क्यांपर्यंत खाली आली आणि राज्य रिपब्लिकन उमेदवार यंगकिन यांनी जिंकलं. त्या वर्षी सगळी चर्चा शाळांची होती. कोविडमध्ये शाळा कधी उघडायच्या, वंशभेदाबद्दल काय शिकवायचं, ट्रान्सजेंडर मुलांसाठी धोरण काय, यावरून स्कूल बोर्डाच्या बैठका राष्ट्रीय बातम्यांत झळकल्या. माझ्या ओळखीतल्या, आधी बायडनना मत दिलेल्या दोन आयांनी तेव्हा यंगकिनना मत दिलं. मुलं दीड वर्ष धड शाळेत गेली नाहीत याचा राग खरा होता, त्याला मी वेडेपणा म्हणणार नाही. 2024 मध्ये हॅरिस जिंकल्या, पण आघाडी सोळा-सतरा टक्क्यांवर आली. मग 2025 च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत वारं पुन्हा फिरलं आणि डेमोक्रॅटिक उमेदवार स्पॅनबर्गर यांना इथे 60 टक्क्यांहून जास्त मतं पडली. इथल्या असंख्य घरांची चूल केंद्र सरकारच्या नोकरीवर किंवा सरकारी कंत्राटांवर चालणाऱ्या कंपन्यांवर पेटते. केंद्राची नोकरकपात आणि ऑक्टोबरमधला शटडाउन, म्हणजे निधीअभावी सरकारी कामकाज बंद पडणं, थेट स्वयंपाकघरात पोचला होता.

नव्याने येणाऱ्याला दोन गोष्टी हमखास गोंधळात टाकतात. एक म्हणजे व्हर्जिनियात मतदार नोंदणीत पक्ष लिहिलेला नसतो. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, तुम्ही कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकता. त्यामुळे "इथे अमुक इतके नोंदणीकृत डेमोक्रॅट" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तशी यादीच नाही. दुसरी, राज्याच्या निवडणुका विषम वर्षांत होतात आणि केंद्राच्या सम वर्षांत, म्हणजे दर नोव्हेंबरला काही ना काही मतदान असतंच. आणि सुपरवायझर (काउंटीचा कारभार बघणाऱ्या बोर्डाचा सदस्य) किंवा स्कूल बोर्डाच्या उमेदवारापुढे मतपत्रिकेवर पक्षाचं नाव छापत नाहीत. म्हणून केंद्राच्या दारापासून 40 फुटांच्या रेषेबाहेर दोन्ही पक्षांचे स्वयंसेवक नमुना मतपत्रिका घेऊन उभे असतात. बरेच जण तो कागद हातात धरून आत येतात, हे मी स्वतः पाहिलंय.

आपल्या लोकांबद्दलही विचारलंय तुम्ही. भारतीय वंशाचे सुहास सुब्रमण्यम 2024 मध्ये इथून अमेरिकी संसदेवर (काँग्रेसवर) निवडून गेले, तेव्हा मतदार म्हणून आपलं वजन आहेच. पण गणेशोत्सवात शाळेच्या हॉलमध्ये जमलेली गर्दी बघून मतांचा हिशेब करू नका. त्यातले कितीतरी जण एच-1बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत, त्यांना मत नाही. कर भरायचा, मुलं इथल्याच शाळेत, आणि त्या शाळेचं बोर्ड निवडताना घरी बसायचं, हे मी अनेक वर्षं सोसलंय. फार लागतं ते.

तुम्ही घर बघणार असाल तर मला पक्षापेक्षा डेटा सेंटरांचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या करामुळे इथला घरपट्टीचा दर आटोक्यात राहतो, आणि त्यांच्याचसाठी वस्तीजवळून उच्च दाबाच्या विजेच्या तारा येतात. मार्च 2025 मध्ये सुपरवायझर्स बोर्डाने नवीन डेटा सेंटरांना आपोआप मिळणारी परवानगी काढून घेतली, आता नवे प्रस्ताव सुनावणीला येतात. त्या सुनावण्यांना दोन्ही पक्षांची माणसं एकाच बाजूने बोलताना ऐकू येतात. घर पक्कं करण्याआधी एखादी बैठक जरूर ऐका, काउंटीचं मुख्य ठिकाण असलेल्या लीसबर्गला होतात आणि ऑनलाइनही दिसतात. ते सुपरवायझर्स बोर्ड पुन्हा निवडलं जाईल नोव्हेंबर 2027 मध्ये.