चिंधी, कातरण की तुकडा?

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय: "मी दोन वर्षांपासून क्विल्टिंग, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधडीसारखं पांघरूण शिवणं, शिकते आहे. शिवून उरलेलं बारीकसारीक कापड टाकवत नाही, म्हणून मापाप्रमाणे तीन डब्यांत भरून ठेवते. क्लासमध्ये सगळ्या त्याला 'स्क्रॅप' म्हणतात. सासूबाई म्हणतात, 'तुझ्या चिंध्या आवर आधी.' मला चिंध्या म्हणवत नाही आणि स्क्रॅप म्हटलं की भंगारवाला डोळ्यांपुढे येतो. मराठीत नेमका शब्द कोणता? कातरण चालेल का, की कात्रण? आणि डब्यांवर काय लिहू?"

ताई, एकच शब्द मागाल तर तो मिळणार नाही. आपल्याकडे कापडाच्या तुकड्याला नाव मिळतं ते बहुतेक वेळा त्याच्या कामावरून. जुन्या धोतराचा हातभर तुकडा घ्या. ओटा पुसायला घेतला तर ते फडकं. जमीन सारवायला गेलं की पोतेरं. गुंडाळून डोक्यावर हंड्याखाली ठेवलं की चुंबळ. पिळा घालून तुपात भिजवून पेटवला की काकडा, आणि पहाटेच्या काकडआरतीचं नाव ह्याच काकड्यावरून आलेलं आहे. बरणीच्या तोंडात कोंबला की बोळा, भोकावर बसला की ठिगळ. धोतर तेच, नाव दर वेळी नवं. तुमच्या डब्यातल्या कापडाला नाव सापडत नाही, कारण ते अजून कुठल्याच कामाला लागलेलं नाही.

आधी चिंधीबद्दल बोलू, कारण तुमचा खरा सल तिथे आहे. चिंधी कात्रीने होत नाही, ती फाडून होते: लांबट, दोन्ही कडांना दश्या सुटलेली. कानडीतही 'चिंदी' म्हणजे फाटकं कापडच. श्रीकृष्णाचं बोट कापलं तेव्हाची लोककथा तुम्ही ऐकली असेल. सुभद्रेकडे चिंधी मागितली, तर घरात शालू आणि पैठण्याच, चिंधी कुठून आणायची? द्रौपदीने अंगावरचं भरजरी वस्त्र टर्रकन फाडलं. ह्या गोष्टीत चिंधी म्हणजे टाकाऊ कापड मुळीच नाही. पैठणीचीही चिंधी होऊ शकते. फाडून, ऐन वेळी कामी आली एवढंच तिचं लक्षण.

पुढे ह्या शब्दाला दारिद्र्य चिकटलं हे खरं. आधीची मुलं दगावली की नव्या बाळाचं नाव दगडू, धोंडू किंवा चिंधू ठेवत, दृष्ट लागू नये म्हणून. दुसरीकडे नकोशा मुलीलाही चिंधी म्हणत. सिंधुताई सपकाळ (१९४८–२०२२) ह्यांना लहानपणी घरी चिंधीच म्हणायचे. पुढे पुण्याजवळच्या मांजरी गावात अनाथ मुलांचा संसार उभा करणाऱ्या माई त्याच. गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) त्यांच्या अंगावरच्या ठिगळांच्या कपड्यांमुळे लोक गोधडे महाराज, चिंधेबुवा म्हणत, ते मात्र आदराने. त्यामुळे सासूबाईंचा शब्द हलका आहे असं मी मानत नाही. तुमच्या डब्यांपुरता तो चुकीचा आहे, कारण तुम्ही फाडलेलं काही ठेवत नाही. हलका शब्द हवा असेल तर तो 'लक्तर'. लक्तरं अंगावर लोंबतात, अब्रूची असली तर वेशीवर टांगली जातात, पण त्यांतून कुणी काही शिवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आता कातरण. कातरणे ह्या क्रियापदाला 'ण' लागून झालेलं हे नाम. दळण, शिवण, सारवण, वाळवण ही त्याची भावंडं. त्यातलं मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते 'धुवण'. तांदूळ धुतल्यावर राहिलेल्या पाण्याला आपण धुवण म्हणतो आणि ते मोरीत न ओतता कढीपत्त्याच्या कुंडीत घालतो. कामातून मागे उरलेलं, तरी फेकायचं नाही असं. कातरणही तसंच, कातरताना मागे उरलेलं. कात्री मूळ कर्तरी, म्हणजे घराणं एकच. (सूत कातणे मात्र वेगळं. संस्कृतात कापण्याचा कृत् आणि सूत वळण्याचा कृत् असे दोन सारखे दिसणारे धातू आहेत, आणि मराठीत येईपर्यंत ते अगदी शेजारी येऊन बसले.) कात्रण हा कातरणचाच उच्चारात आखडलेला अवतार आहे. पण वर्तमानपत्रं कापून चिकटवणाऱ्या पिढ्यांनी तो कागदाकडे नेला. डब्यावर 'कात्रणं' लिहिलंत तर पाहुणे अग्रलेख शोधतील. कापडासाठी कातरणच ठेवा, नपुंसकलिंगी आणि शक्यतो एकवचनी: "किती कातरण साठलंय!"

पण मग कातरण कुठे संपतं आणि तुकडा कुठे सुरू होतो? इथे शिंप्यांचा एक शब्द मदतीला येतो: माया. ब्लाउज टाकताना आपण सांगतो ना, "आत माया ठेवा", म्हणजे पुढे उसवून सैल करता येईल. शिवणीच्या आत जाणारं, बाहेरून न दिसणारं कापड ते माया. तुमच्या क्विल्टिंगमध्ये दर बाजूला पाव इंच माया धरतात. अडीच इंचांचा चौकोन चारी बाजूंनी जोडला की वर दिसतो दोन इंच. एक इंचाचा जोडला तर दिसतो अर्धा इंच, म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबात पाऊण कापड मायेतच गेलं. आणि अर्ध्या इंचाचा घेतलात तर सगळाच मायेत जाईल, वर काहीच दिसणार नाही. माझ्या मते सीमारेषा हीच. चारी बाजूंनी माया देऊनही ज्याचं काही शिल्लक राहतं तो तुकडा. ज्याला माया देणंच परवडत नाही ते कातरण.

तुमच्या पत्रात पुढे "पॅचवर्कला ठिगळकाम म्हणू का" असंही आहे. इथे जरा थांबायला हवं, कारण शब्दाआड शिवण्याच्या दोन पद्धती आहेत. तुम्ही शिकता ती पाश्चात्त्य पद्धत तुकड्याला तुकडा कडेने जोडत जाते. तुकड्यांखाली काही नसतं. त्यांचाच वरचा पदर तयार होतो, आणि मग मधे भर व खाली अस्तर घालून तिन्ही एकत्र शिवतात. आपल्या गोधडीत तळाला अख्खं लुगडं असतं. त्यावर जुन्या कापडांचे थर, वर तुकडे, आणि सगळ्यातून आरपार धावदोरा. सातारा-कोल्हापूरकडची वाकळही अशीच. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी लोक कवंदी नावाची गोधडी करतात, तीही कडेपासून आत आत शिवत नेतात आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात. तिला फुलांशिवाय पूर्ण मानत नाहीत.

ठिगळ हा शब्द ह्या दुसऱ्या पद्धतीतला आहे. ठिगळाला खाली काहीतरी लागतं, आणि बहुधा ते फाटलेलं असतं. आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार, ह्या म्हणीत तेच गृहीत आहे. माझ्या आजीची एक गोधडी आमच्याकडे आहे. तिच्यात एका कोपऱ्यात निळ्या रेघांच्या सदऱ्याचा तळहाताएवढा चौकोन आहे आणि त्याच्या मधोमध एक काज, बटण नसलेलं. लहानपणी मी त्यातून करंगळी घालून खालचं हिरवं लुगडं चाचपत असे. ते लुगडं तिथे विरलेलं होतं म्हणून आजीने आजोबांचा सदरा वर लावला. ते ठिगळ. तोच चौकोन तुम्ही दुसऱ्या चौकोनाला कडेने जोडला असतात तर तो तुकडाच राहिला असता. तेव्हा तुमच्या कामाला 'तुकडेजोड' म्हणा. हा शब्द माझा नाही, नारायण पेठेत आमच्या वाड्यातल्या बायका उशांच्या अभ्र्यांना "तुकडेजोडीचे" म्हणायच्या. त्याच बायका बोहारणीला धड साड्या द्यायच्या आणि विरलेल्या मागे ठेवायच्या. आता उलटं वाटतं, पण बोहारीण विरलेलं घेतच नसे, आणि गोधडीला विरलेलंच मऊ लागतं.

लांब पट्ट्यांचं विसरू नका. आमचे शिंपीकाका ब्लाउजच्या उरलेल्या कापडातून तिरक्या, म्हणजे उरेब पट्ट्या काढून बाजूला ठेवत आणि गळ्याच्या गोटाला वापरत. त्यांना ते कधीच कातरण म्हणायचे नाहीत. काम आधीच ठरलेलं असल्यामुळे ती 'गोटाची पट्टी' असायची.

आता डबे. मोठ्यावर 'तुकडे' लिहा. पट्ट्या वेगळ्या ठेवत असाल तर मधल्यावर 'पट्ट्या'. नसाल तर दोन इंचांखालचे 'लहान तुकडे', माया देऊन उरतात तोवर ते तुकडेच. तिसऱ्या, सगळ्यांत बारीक डब्यावर 'कातरण' बरोबर आहे. पण तुम्ही लिहिलंय की ते टाचण्यांच्या उशीत भरण्यासाठी ठेवता. मग त्याला काम मिळालेलंच आहे. त्यावर सरळ 'भर' लिहा.